एका एमजीचा जीर्णोद्धार

इंग्लंडात गाडी गॅरेजात ठेवायची पद्धत नाही. वीस-पंचवीस हजार पौंडांची गाडी दारात वर्षभर पावसात भिजत उभी असते. कुलूपबंद गॅरेजात मात्र गवत कापायचं यंत्र, तळाशी वाळलेले रंगाचे डबे, नव्या वर्षाच्या संकल्पातून उरलेली व्यायामाची सायकल आणि नाताळचं प्लॅस्टिकचं झाड अशी मंडळी कोरड्यात सुखाने नांदत असतात. तरीही दर दोन-चार गल्ल्यांमागे एखादं गॅरेज असं निघतं की ज्यात खरोखरच गाडी असते. ओळखायची खूण सोपी आहे. ही गाडी जागची हलत नाही. शनिवारी सकाळी गॅरेजचं दार अर्धं वर जातं, खालून दोन पाय बाहेर येतात, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज होतो आणि पाठोपाठ मातृभाषेतला एखादा शब्द ऐकू येतो. आमच्या गल्लीत तो शब्द मराठी असतो, कारण ते पाय माझ्या नवऱ्याचे आहेत.

या व्यसनाची सुरुवात जाहिराती वाचण्यापासून होते. जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिराती आणि आपल्याकडच्या वधू-वरांच्या जाहिराती एकाच शाळेत शिकलेल्या आहेत. लिहिलंय त्यापेक्षा गाळलंय त्यालाच अर्थ जास्त. ‘थोडं वेल्डिंग लागेल’ म्हणजे वरची गाडी आहे, खालची नाही. ‘सर्व सुटे भाग सोबत’ म्हणजे गाडी खोक्यांत भरलेली आहे. ‘वेळेअभावी विकणे आहे’ म्हणजे बायकोने निर्वाणीचा इशारा दिलेला आहे. ‘शेवटची चालवली तेव्हा उत्तम चालत होती’ हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. फक्त शेवटची कधी चालवली, हे विचारायचं नसतं. आणि ‘कोरड्या कोठारात जपलेली’ असं लिहिलेलं असलं, तर या देशात कोरडं कोठार असतं यावर ज्याचा विश्वास बसेल त्याने खुशाल जावं. नवऱ्याचा विश्वास बसला. आम्ही रीतसर बघायला गेलो. पलीकडच्यांनी चहा-बिस्किटं दिली. १९६६ सालची एमजीबी, दोन सीटची, कापडी टपाची, लालभडक. गाडीवर उशा, घोंगड्या आणि एक मांजर होतं. मांजर तेवढं आमच्याबरोबर आलं नाही.

एमजीचं कुळ पाहायला गेलं तर साधंच. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाचा गृहस्थ आधी सायकली दुरुस्त करायचा, मग मोटारी बनवायला लागला. त्याच्या ‘मॉरिस गॅराजेस’ या पेढीचा कारभार १९२० च्या दशकात सेसिल किंबर याच्या हाती आला. त्याने सरळमार्गी मॉरिस गाडीला नखरेल अंगरखा चढवून विकायला सुरुवात केली. त्या पेढीची आद्याक्षरं म्हणजे एमजी. हल्ली पुण्यात चकाचक एमजी धावतात, त्यांच्या नाकावरचा अष्टकोन तोच. मालक मात्र आता चीनमध्ये. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंगडनच्या कारखान्यातून १९८० पर्यंत तिचं उत्पादन चाललं. सगळे अवतार धरून ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तर, कारकून, नुकती नोकरी लागलेला पोरगा, यांना परवडेल असा वारा खाण्याचा सोपा मार्ग. पळायची ताशी शंभर मैलांच्या थोडी वर, पण सीट जमिनीला इतकी टेकलेली की चाळिशीच्या वेगातसुद्धा माणसाला आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटावं.

घरी आणल्यावर पहिल्या रविवारी पत्र्याची परीक्षा झाली. जुन्या गाडीत रंगाखाली पत्रा किती आणि पुट्टी किती हे बघायला लोहचुंबक लावतात. आमच्या घरात लोहचुंबक एकच, फ्रिजवरचा अष्टविनायकाचा. बाप्पांना हातात घेऊन नवरा गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागला. जिथे बाप्पा टिकले तिथे पत्रा, जिथे घसरले तिथे पुट्टी. डाव्या मडगार्डवर ते दोनदा घसरले, उजव्यावर एकदा. बॉनेटवर मात्र कुठेच टिकेनात. इंचाइंचाने सरकवून पाहिलं, तरी दर वेळी घसरून थेट नवऱ्याच्या पायावर. अख्खं बॉनेट पुट्टीचं या विचाराने तो मटकन खाली बसला. शेवटी पुस्तकात सापडलं की त्या काळच्या एमजीबीचं बॉनेट मुळातच अ‍ॅल्युमिनियमचं असे. विघ्नहर्त्याला फ्रिजवर परत लावलं. त्यांच्या पाठीला लागलेला लाल रंग अजून निघालेला नाही.

खरं दुखणं खाली होतं. या गाडीला वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. आणि त्या कण्याचा जीव कशात, तर दाराखालच्या उंबरठ्यात. बाहेरून तो नुसती पट्टी दिसतो, पण आत पत्र्याचे थर असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी. पोकळीतलं पाणी निघून जायला खाली भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांत चिखल बसतो, पाणी आत मुक्कामाला राहतं आणि इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेलं मीठ उरलेलं काम पूर्ण करतं. नवऱ्याने उंबरठ्याला पेचकस टेकवला. नुसता टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. पलीकडून मूठभर तपकिरी भुगा पडला आणि त्यातून एक गोम बाहेर येऊन आम्हाला काय हवंय ते विचारल्यासारखं बघायला लागली.

इथे घाईला माफी नाही. कुजलेला उंबरठा सरळ कापून काढला तर गाडी मधोमध वाकते आणि मग तिची दारं या जन्मात लागत नाहीत. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा-तिरपा ठोकून घ्यायचा, मग कापायचं, मग नवा पत्रा बेतायचा, आणि पुन्हापुन्हा दार लावून फट मोजायची. या फटीवरून जाणकार लोक माणसाची लायकी ठरवतात. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर तो माणूस विश्वासाला पात्र. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी १९८८ पासून जुन्याच साच्यांवर काढलेला अख्खा नवा सांगाडा विकत मिळतो. मी हे सुचवलं तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी सासूबाई बदलून आणायला सांगितल्या होत्या.

मग आट्यांचा प्रश्न आला. आमच्याकडे होता तो पान्यांचा संच मिलिमीटरचा आणि गाडी जन्माची इंचातली. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ नंबरचा पाना लागतो. लागतो म्हणजे लागल्यासारखं दाखवतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, उरलेल्या ०.३ मिलिमीटरमध्ये नटाचे कोपरे, बोटांची सालं आणि माणसाचा संयम असं सगळं जातं. तेव्हा इंचाचे पाने आले. मग इंचाचे सॉकेट. मग आटे गेलेल्या भोकांसाठी आटे पाडायचे टॅप, तेही इंचातले. मग हे ठेवायला सात खणांचं चाकांवरचं लाल कपाट. त्या कपाटाची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त फिरलेली आहेत. वाढदिवसाला, दिवाळीला, लग्नाच्या वाढदिवसाला काय द्यायचं, हा प्रश्न आमच्याकडे कायमचा मिटला. परवा आमच्या लेकीने वडिलांना जाड बोटं शिरत नाहीत अशा कुठल्याशा अरुंद जागेत पोचणारा वाकडा पाना दिला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते तिच्या पदवीदानालाही आलं नव्हतं.

गॅरेज लहान पडायला लागलं की गाडी घरात शिरते. कार्ब्युरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडतात, कारण तिथे उजेड चांगला. लोकरीच्या कापडाचे नमुने दिवाणखान्यात, कारण तिथे बसून बघता येतात. एकदा मी नानकटाई करायला ओव्हन तापवला आणि पाच मिनिटांनी घरभर असा वास सुटला की स्मोक अलार्मही आधी खोकला आणि मग ओरडला. आत टॅपेट कव्हर होतं. इंजिनाचा रंग मंद आचेवर भाजला की पक्का बसतो म्हणे. ‘‘अगं, शंभरच्या वर नको नेऊस,’’ नवरा जिन्यावरून ओरडला, ‘‘रंगाला फोड येतील!’’ माझ्या नानकटाईची चौकशी कुणी केली नाही.

आणि मग पत्रिका आली. वॉरिकशरमध्ये गेडन इथे ब्रिटिश मोटारींचं मोठं संग्रहालय आहे. तिथे कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. गाडीचा क्रमांक कळवून पैसे भरले की छापील प्रमाणपत्र येतं. जन्म कुठल्या दिवशी, इंजिन कितव्या क्रमांकाचं, कुठल्या देशी पाठवणी झाली आणि जन्मतः रंग कोणता, सगळं त्यात. आमच्या लालभडक गाडीचा जन्माचा रंग निघाला ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’. हा रंग म्हणजे चहात बुडवून वाळवलेला पांढरा. मी लाल रंगासाठी गाडीला होकार दिला होता. पण मूळ ते मूळ. दुसऱ्या दिवसापासून लाल रंग घासायला सुरुवात झाली, आणि त्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पुन्हा लाल, आणि अगदी तळाशी, नखाएवढा, चहाचा पांढरा. नवऱ्याने शेजाऱ्यांना बोलावून तो नखाएवढा तुकडा दाखवला. बारशाला दाखवतात तसा.

इथून पुढचं सगळं राज्य ‘ओरिजिनल’चं. महिन्यातून एकदा पबमध्ये जुन्या एमजीवाल्यांची बैठक भरते. मीही गेले आहे. साठी-सत्तरीचे गृहस्थ, कुणी दंतवैद्य, कुणी निवृत्त मुख्याध्यापक, समोरची बिअर कोमट होईपर्यंत एकाच विषयावर बोलतात: रेडिएटरच्या नळीवरची क्लिप त्या साली तारेची होती की पट्टीची. बोल्टच्या डोक्यावर ठसा कुठल्या कारखान्याचा असावा, यावर मी दोन सभ्य माणसांना एकमेकांशी अबोला धरताना पाहिलंय. त्या काळी या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे जमिनीखाली पुरलेल्या असत आणि त्यांचा प्लस सांगाड्याला जोडलेला असे. हल्लीची कुठलीही गाडी याच्या उलट. एका बारा व्होल्टच्या बॅटरीने सगळं सोपं होतं, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण तसं करणाऱ्याचं नाव निघालं की सगळे जरा घसा खाकरतात. गावात परजातीत लग्न केलेल्याचं नाव निघावं तसे.

आमचे शेजारी या बैठकीला कधी येत नाहीत. ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी उमेदीची सारी वर्षं मिडलंड्समधल्या एका मोटार कारखान्यात जोडणीच्या रांगेवर घालवली. नवऱ्याला वाटलं, हे तर ज्ञानाचं भांडार. क्लिपचा फोटो घेऊन तो कुंपणापाशी गेला. म्हातारबुवांनी चष्मा वर केला, फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘‘पेटीत जी हाताला लागेल ती.’’ नवऱ्याने विचारलं, ‘‘आणि पेटी संपली तर?’’ ‘‘तर शेजारच्या पेटीतली. शेजारची संपली तर पाच वाजलेले असायचे.’’

नवरा त्या रात्री जेवला नाही धड.

अशात उन्हाळ्यात सांगलीहून मामा आले. मामांचं मिरज रस्त्याला गॅरेज होतं. उभ्या आयुष्यात अँबॅसिडर, फियाट आणि जीप, या तिघींशिवाय चौथीकडे पाहिलं नाही. सकाळी चहा घेऊन ते गॅरेजात शिरले. नवऱ्याने घसा साफ करून एमजीचा इतिहास, १७९८ सीसीचं इंजिन, जोड कार्ब्युरेटर असं सगळं सांगायला तोंड उघडलं. मामांनी बॉनेट वर केलं, आत डोकावले, टॅपेट कव्हरवर टिचकी मारली आणि म्हणाले,

‘‘अरे, अँबॅसिडर आहे की ही!’’

‘‘मामा, ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे.’’

‘‘असू दे की. इंजिन अँबॅसिडरचं आहे. हे बघ ब्लॉक, हे बघ डिस्ट्रिब्युटर, हा बघ तेल मोजायचा गज. छप्पर कापून विकली होय त्यांनी?’’

वाईट म्हणजे मामांचं बरोबर होतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी सीरीज’ नावाचं एक इंजिनांचं घराणं. तेच सगळीकडे नांदायला गेलं. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ साली आली तेव्हा तिच्यात याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. एमजीबीत ते वाढवून १७९८ केलं. आणि मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर उत्तरपाड्याला बनणाऱ्या अँबॅसिडरमध्ये १९५० च्या दशकाअखेरीपासून कितीतरी वर्षं तेच १४८९ सीसीचं इंजिन बसवत. म्हणजे नवऱ्याने लहानपणी कॅलेंडरवर जिचं चित्र पाहून सातासमुद्रापार ध्यास धरला, तिचं काळीज कलेक्टर कचेरीबाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये रोज धडधडत होतं. इतकी पत्रिका पाहिली, पण गोत्र पाहायचं राहून गेलं होतं.

मामांनी मात्र ओळखीचं माणूस भेटल्याच्या उत्साहात बाह्या सरसावल्या. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढत नसतील तर इंजिन लंगडतं. ते जुळवायला नवऱ्याने हवेचा वेग मोजणारं काचेचं मापक मागवलं होतं आणि आकड्यांचा तक्ता केला होता. मामांनी बागेतल्या नळीचा हातभर तुकडा कापला. एक टोक कानाला, दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. डोळे मिटले. मग मागच्याच्या तोंडाशी. पुन्हा पुढच्या. ‘‘मागचा जास्त ओढतोय,’’ म्हणाले. स्क्रू किंचित फिरवला, ऐकलं, पुन्हा अर्धा केस मागे घेतला. फुसफूस दोन्हीकडे एका सुरात आली आणि इंजिन थरथरायचं थांबून गुरगुरायला लागलं. मग त्यांनी मापक लावून बघायची परवानगी दिली. काट्याने मान डोलावली.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण नवरा कामावर गेल्यावर त्यांनी सायलेन्सर टांगायची रबरी पट्टी (जी मूळ घडणीची मिळावी म्हणून आम्ही कधीचे वाट पाहत होतो) जुन्या टायरमधून कापली, बोल्ट मारला आणि एक लोंबती वायर तारेने आवळून टाकली. संध्याकाळी नवऱ्याने टॉर्च लावून ते पाहिलं आणि तो नुसता उभा राहिला. नेमके त्याच वेळी कुंपणापलीकडचे म्हातारबुवा काठी टेकत आले, वाकले, तारेकडे बघून खूश झाले आणि म्हणाले, ‘‘हं! हे आता अगदी कारखान्यातल्यासारखं दिसतंय.’’ त्यानंतर मामांना मिडलंड्सचे उच्चार कळेनात आणि म्हातारबुवांना सांगलीची मराठी, तरी दोघं दीड तास गप्पा मारत होते. बहुतेक वरिष्ठांबद्दल.

मामा परत गेले. गाडी तयार होत आली. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ता-कर भरावा लागत नाही, आणि फार फेरफार केलेले नसतील तर दरवर्षीची तपासणीही माफ. चाळिशीनंतर कुणी तपासत नाही आणि पैसेही मागत नाही, ही सवलत माणसांना का नाही हे सरकारने सांगावं. राहता राहिली स्पर्धा. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांत परीक्षक आरसा नि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतात. असे एक अनुभवी परीक्षक नवऱ्याच्या आग्रहावरून घरी पाहायला आले. पाऊण तास पाहिलं. मग कपडे झटकत म्हणाले की काम अप्रतिम आहे, आणि त्यामुळेच गुण जातील. गाडीच्या पोटाला असा आरशासारखा रंग कारखान्यात कधी दिला जात नसे. शिवणींवरचा लेप इतका सरळ नसे. फवारा उडालेला असे, कुठे ओघळ असे. मुळापेक्षा सरस केलेली गाडी ही मूळ गाडी नव्हे. तारेने आवळलेल्या वायरीपाशी मात्र ते थोडा वेळ थांबले होते, आणि त्यांनी वहीत काहीतरी चांगलं लिहिलं असावं असा माझा अंदाज आहे.

आता नवरा जुन्या पत्र्यावर ओघळ पाडायचा सराव करतोय. जमत नाही. सगळी हयात नीटनेटकं काम करण्यात गेलेल्या माणसाला ठरवून अव्यवस्थितपणा करणं फार अवघड असतं; त्याचा ओघळही मोजून काढल्यासारखा सरळ येतो. घाईने, कंटाळून, डोक्यात घरच्या चहाचा विचार घेऊन मारलेला हात वेगळाच. तो शिकून येत नाही. आम्ही हे जे चालवलंय, त्यात गाडीचा प्रत्येक स्क्रू परत आणता येतो, रंग आणता येतो, कापड आणता येतं. एवढं एक तेवढं आणता येत नाही.

शेवटी त्याने सांगलीला फोन लावला. मामांना सगळं समजावलं, की खालचा रंग तुम्ही तुमच्या पद्धतीने मारायचा, कुठेही जीव ओतायचा नाही, तिकीट आम्ही पाठवतो.

‘‘येतो की,’’ मामा म्हणाले. ‘‘पण आधीच सांगतो. पाच वाजले की सुट्टी.’’